तिरकस गुणाकार की एकमान पद्धत? सातवीच्या गुणोत्तर-प्रमाणाचा घरातला वाद

गिरणाकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

मुलगी सातवीत आहे, चाळीसगावला. वर्गात समप्रमाण-व्यस्तप्रमाण चालू आहे. काल तिच्यापुढे हा प्रश्न होता: १२ मजूर एका शेतातला कापूस ५ दिवसांत वेचतात, तर १५ मजुरांना किती दिवस लागतील? तिने चार आकडे चार कोपऱ्यांत मांडले, तिरकस गुणाकार केला आणि उत्तर काढलं, सव्वासहा दिवस. आकडेमोड अगदी बिनचूक. मजूर वाढले आणि दिवसही वाढले, याचं तिला काही वाटलंच नाही. विचारलं तर म्हणे, "पप्पा, रीत तर हीच आहे."

आमच्या आण्णांनी आम्हाला त्रैराशिक (तीन आकड्यांवरून चौथा काढायची रीत) तोंडी करून घेतलं होतं. शिकवणीचे सर म्हणतात तिरकस गुणाकारच पक्का करा, शिष्यवृत्ती परीक्षा येतेय, वेळ वाचतो. आमच्या मंडळी (म्हणजे बायको) म्हणतात एकमान पद्धतच बरी, आधी एकाचं काढायचं, मग हवं तितक्यांचं. घरात तीन पक्ष झालेत आणि पोरगी मजा बघतेय. तुमच्याकडे मुलांना कसं शिकवता?

शेवभाजी_धुळे

१५ मजूर लावून सव्वासहा दिवस? मुकादम नात्यातला दिसतोय. (हलकं घ्या.)

अमळनेरकर

त्यात वेचणी किलोवर असते भो, रोजावर नाही. आणि पहिल्या वेचणीला जो मजूर ओटी भरून भरून आणतो, तोच शेवटच्या फरदडीला दिवसभर फिरून निम्माही आणत नाही. हे गणित करणाऱ्याने वावरात पाय ठेवलेला नाही.

निवृत्त_मास्तर

गिरणाकाठ, पोरीला मांडणी येते, गुणाकार येतो. प्रश्न वाचून क्षणभर थांबायची सवय अजून लागलेली नाही, बाकी काही बिघडलेलं नाही.

माझी नोकरी सगळी यावल-रावेर तालुक्यांत गेली. हा पाठ आला की खडू उचलण्याआधी मी वर्गाला विचारायचो, "जास्त की कमी?" मजूर वाढले, दिवस जास्त की कमी? केळीच्या घडांचं वजन वाढलं, पैसे जास्त की कमी? गाडीचा वेग वाढला, भुसावळला पोचायला वेळ जास्त की कमी? वर्ग ओरडून उत्तर द्यायचा. शेवटच्या बाकावरचाही ओरडायचा, कारण हे सांगायला गणित यावं लागत नाही. उत्तराची दिशा आधी ठरली की सव्वासहा आल्यावर मूल स्वतःच खोडरबर शोधतं.

मग मांडणी:

१२ मजूर – ५ दिवस
१ मजूर – ६० दिवस
१५ मजूर – ४ दिवस

यातली मधली ओळ मुलं गाळायला बघतात, ती गाळू देऊ नका. एकटा माणूस त्या वावरात ६० दिवस राबेल हे डोळ्यांपुढे आलं की व्यस्तप्रमाण वेगळं शिकवावं लागत नाही. ६० म्हणजे त्या शेतातलं एकूण काम. माणसं कितीही लावा, मजूर गुणिले दिवस हा गुणाकार ६० च राहतो. समप्रमाणात भागाकार स्थिर राहतो, व्यस्तात गुणाकार. पाठ्यपुस्तकाचा क्रमही असाच आहे. सहावीत गुणोत्तर-प्रमाण आणि एकमान पद्धत, सातवीत सम आणि व्यस्त, आठवीत तेच 'चलन' या नावाने, आणि नववीच्या बीजगणितात योगक्रिया, वियोगक्रिया वगैरे. सहावीची ओळ कच्ची राहिली की नववीत पोरं नुसती अक्षरं हलवत बसतात.

म्हणून माझं मत तुमच्या मंडळींच्या बाजूने.

तापीची_लेक

मास्तरांना अनुमोदन. धागाकर्त्याच्या मंडळींनाही. 🙂

जंक्शन_भुसावळ

मास्तर, आदर ठेवून असहमती नोंदवतो. मी स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेतो. एकमान पद्धत ऐकायला गोड आहे, पण आकडे वाकडे आले की मुलं तिच्यातच अडकतात. उदाहरण घ्या: १५ लिटरच्या फवारणी पंपाला ४० मिली औषध, तर २०० लिटरच्या टाकीला किती?

एकमानाने १ लिटरला ४० भागिले १५. मूल लगेच भागायला बसतं: २.६६६... मग एक लिहितो २.६ आणि उत्तर काढतो ५२०. दुसरा लिहितो २.६७, त्याचं येतं ५३४. तिसरा म्हणतो 'अंदाजे ३' आणि ६०० मिली औषध ओततो. तिरकस गुणाकारात ४० गुणिले २०० भागिले १५, म्हणजे ५३३ आणि एक तृतीयांश. एका ओळीत काम संपलं. परीक्षेत पर्यायांमध्ये ५२० आणि ५३४ मुद्दाम दिलेले असतात, हे लक्षात घ्या.

निवृत्त_मास्तर

जंक्शन, आकडे तुमचे बरोबर, पण दोष मधल्या ओळीचा नाही, घाईने भागण्याचा आहे. १ लिटरला ४०/१५ मिली, असंच अपूर्णांकात ठेवायचं. पुढच्या ओळीत २०० ने गुणायचं, मग काटाकाट, आणि भागाकार सगळ्यात शेवटी. तुमचाच तिरकस गुणाकार होतो तो, फक्त कुठून आला ते मुलाला माहीत असतं.

पुण्यात_खानदेशी

मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असताना २०२० नंतर जन्मलेल्या पिढीला हे सगळं कशाला?

शेवभाजी_धुळे

@पुण्यात_खानदेशी, कॅल्क्युलेटर पण सव्वासहाच सांगतो. त्याला कुठे माहिती की ते मजूर आहेत. आणि सातवीतली पोरगी २०२० नंतर जन्मलेली कशी असेल, तेवढं एक गणित सोडवून दाखवा.

केळीबाग_रावेर

जंक्शन सरांनी पंपाचा विषय काढला म्हणून लिहितो, कारण हे शाळेतल्या गणितात कधी येत नाही.

बाटलीवरच्या कागदावर मात्रा दोन तऱ्हांनी लिहिलेली असते. काहींवर 'प्रति लिटर पाण्यात इतके मिली' आणि काहींवर 'एकरी इतके मिली'. पहिल्या प्रकारात पाणी वाढलं की औषध वाढतं, ते सरळ समप्रमाण. दुसऱ्या प्रकारात औषध एकराला बांधलेलं आहे, पाण्याला नाही. समजा एकरी ८० मिली लिहिलंय आणि हातपंपाने एकराला २०० लिटर पाणी लागतं. तेच ट्रॅक्टरच्या ब्लोअरने १०० लिटरमध्ये भागलं, तर औषध ४० मिली होत नाही, ८० च राहतं. पाणी निम्मं झालं, औषध तेवढंच. माझा पुतण्या बारावी सायन्स झालेला, त्याने पाण्यावरून त्रैराशिक मांडलं आणि औषध निम्मं टाकलं. अळी आरामात पानं खात बसली.

आता एक कोडं टाकतो. केळी ५ बाय ५ फुटांवर लावली तर एकरात १७४२ खोडं बसतात. (एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, २५ ने भागा.) मग ६ बाय ६ फुटांवर लावली तर किती? गिरणाकाठ, पोरीला विचारून बघा. जंक्शन सर, तुमच्या वर्गालाही.

जंक्शन_भुसावळ

विचारलं. वर्गातल्या बहुतेकांनी १४५२ सांगितलं. अंतर वाढलं की झाडं कमी, म्हणून व्यस्तप्रमाण, १७४२ गुणिले ५ भागिले ६. दिशा बरोबर आहे, मास्तरांची 'जास्त की कमी' परीक्षाही पास झाली. उत्तर मात्र १२१०.

केळीबाग_रावेर

शाब्बास. ओळीतलं अंतर वाढलं आणि दोन ओळींमधलंही वाढलं, म्हणजे ५/६ दोनदा लागतो. १४५२ खोडं बसतील, पण ६ बाय ५ वर. रोपं टिश्यू कल्चरची असतील तर अडीचशे जास्तीच्या रोपांचे पैसे गेले ना बांधावर.

निवृत्त_मास्तर

वा! म्हणजे माझ्या प्रश्नाला शेपूट जोडायला हवं. जास्त की कमी, आणि मग: *त्याच पटीने* का? बाजू दुप्पट केली तर चौरसाचं क्षेत्रफळ चौपट होतं, हे मुलांना भूमितीच्या तासाला पाठ असतं आणि गुणोत्तराच्या तासाला आठवत नाही.

तापीची_लेक

मी शहाद्याला पाचवी ते आठवीच्या शिकवण्या घेते. तिरकस की एकमान या वादाच्या आधीच मुलं एका जागी घसरतात, ते सांगते.

कळण्याच्या भाकरीचं पीठ. ज्वारी ४ वाट्या, उडीद १ वाटी. मग ज्वारी ६ वाट्या घेतली तर उडीद किती? पाचवी-सहावीच्या मुलांमध्ये 'तीन' हे उत्तर हमखास येतं. का, तर ज्वारीत दोन वाढवल्या म्हणून उडदातही दोन वाढवल्या. बेरजेने विचार करतात. पटीने विचार करणं ही वेगळीच उडी आहे आणि ती आपोआप येत नाही. मी त्यांना म्हणते, बरं, मग ज्वारी ४ ऐवजी ३ च घेतली तर? एक कमी केली, उडदातूनही एक काढा. उडीद शून्य! मग वर्ग हसतो आणि मग डोकं चालू होतं. ४ ची दीडपट ६, म्हणून १ ची दीडपट दीड वाटी.

गुणोत्तर पहिल्यांदा शिकवताना मी चिन्ह लावतच नाही. 'पट' हा शब्द तोंडात बसू देते.

मांडे_खापरावरचे

ताई, कळण्याला ४ ला १ उडीद? आमच्याकडे ३ ला १. ४ ला १ म्हणजे ज्वारीची भाकरीच झाली, नुसती काळसर.

तापीची_लेक

३ ला १ ने भाकर चिकट होते, थापताना हाताला ओढते. आमच्याकडे ४ ला १ च.

अमळनेरकर

आमची माय २ ला १ दळायची आणि वर अख्खा लसणाचा ठेचा. बोला आता.

शेवभाजी_धुळे

भरताबरोबर ४ ला १, ठेच्याबरोबर ३ ला १. तह झाला. धाग्याचं काश्मीर करू नका.

शिवार_शिरपूर

पट आणि वाटणी यातही गोंधळ होतो. खताच्या गोणीवर १०:२६:२६ असतं. मध्ये दोन टिंबं दिसली की पोरगं म्हणतं हे गुणोत्तर, आणि ५० किलोची गोणी त्या गुणोत्तरात वाटायला बसतं. १० अधिक २६ अधिक २६, बासष्ट. मग नत्र ५० गुणिले १० भागिले ६२, आठ किलोच्या वर.

गोणीत नत्र असतं ५ किलो. ते आकडे शेकड्याचे आहेत: १०० किलोत १० किलो नत्र, २६ स्फुरद, २६ पालाश. ५० च्या गोणीत ५, १३, १३. उरलेलं वजन पोषक घटकांत धरत नाहीत. युरियाचंही तसंच, ४६ टक्के नत्र, ४५ किलोच्या गोणीत २० किलो ७०० ग्रॅम. एकराला ५० किलो नत्र द्यायचं असेल तर युरिया किती? ५० गुणिले १०० भागिले ४६, साधारण १०९ किलो, म्हणजे अडीच गोणीला थोडा कमी. इथे तिरकस गुणाकार पटकन होतो, जंक्शन सरांशी सहमत. पण काय कशाच्या शंभरात आहे, ते आधी ओळखू आलं पाहिजे.

जिनवाला_जळगाव

आमच्या धंद्यातलं एक टाकतो, मुलांना सोडवायला छान आहे. कापसाच्या एका गाठीत १७० किलो रुई असते. रुईचा उतारा ३४ टक्के धरला, म्हणजे १०० किलो कापसातून ३४ किलो रुई, बाकी सरकी आणि घट. मग एका गाठीला कापूस किती लागेल?

१७० गुणिले १०० भागिले ३४. बरोब्बर ५ क्विंटल. आता उतारा ३२ वर आला तर? ५३१ किलोच्या आसपास. रुई तेवढीच हवी आणि उतारा घटला, म्हणून कापूस वाढला, हे व्यस्त. आणि उतारा तोच ठेवून गाठी दुप्पट केल्या तर कापूस दुप्पट, हे सम. एकाच व्यवहारात दोन्ही. कोणती गोष्ट स्थिर ठेवली त्यावर अवलंबून. सम-व्यस्त हा आकड्यांचा स्वभाव असतो असं मुलांना वाटतं, तसं नाही ते.

निवृत्त_मास्तर

जिनवाले भाऊ, हे उदाहरण मला नोकरीत असताना मिळायला हवं होतं. वही काढून लिहून घेतलं.

पाटणादेवी_यात्री

गिरणाकाठ, तुम्ही चाळीसगावचे आणि त्रैराशिकाचा विषय, मग चाळीसगावजवळच्या पाटणचं नाव निघायलाच हवं. भास्कराचार्य आपल्या खानदेशचे, पाटणचे! जन्म १११४ चा, आणि लीलावती हा त्यांचा गणिताचा ग्रंथ ११५० चा. त्रैराशिक हा त्यांचाच शोध.

इतिहास_वाचक

थोडं थांबा, यात्री. त्रैराशिक त्यांच्याही फार आधीचं. आर्यभटाने ४९९ मध्ये आर्यभटीयाच्या गणितपादात एका श्लोकात रीत दिली आहे: फल गुणिले इच्छा भागिले प्रमाण. (पंपाच्या गणितात १५ लिटर हे प्रमाण, ४० मिली हे फल, २०० लिटर ही इच्छा.) ब्रह्मगुप्ताकडेही आहे. भास्कराचार्यांनी लीलावतीत ते फुलवलं. त्रैराशिक, व्यस्त त्रैराशिक, मग पाच, सात, नऊ माहीत राशींवरून उत्तर काढायचं पंचराशिक, सप्तराशिक, नवराशिक. आणि जगाला जसं श्रीहरीने व्यापलंय तसं सगळ्या गणिताला त्रैराशिकाने व्यापलंय, असंही म्हणून ठेवलंय.

आता पाटण. ते स्वतः आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड असं सांगतात. ते नेमकं कुठलं यावर अभ्यासकांत एकमत नाही. विजापूर, बीड, पाटण, सगळ्यांचे दावे आहेत. पण पाटणच्या देवळात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख सापडला, त्यावर वाद नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारात ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने पाटणला मठ काढला आणि इथल्या निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, असं त्यात कोरलेलं आहे. म्हणजे जन्म कुठे झाला ते सोडा, लीलावतीची शिकवणी मात्र तुमच्याच तालुक्यात लागत होती. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात मठाला कोणी काय द्यायचं ते आहे. तेलाच्या घाण्यांवरही आकारणी आहे: जितके घाणे चालतील, दर घाण्यामागे एक पळी तेल.

शेवभाजी_धुळे

दर घाण्यामागे एक पळी! समप्रमाण दगडात कोरलंय की राव.

पाटणादेवी_यात्री

इतिहास_वाचक, दाव्यांबद्दल मान्य, पण मी चाळीसगावकडचा आहे, मी पाटणच म्हणणार. 🙂

इतिहास_वाचक

म्हणा की. एक मात्र धाग्याच्या विषयातलं: व्यस्त त्रैराशिक कुठे लावायचं याची भास्कराचार्यांनी यादीच दिली आहे. त्यात जनावराचं वय आणि किंमत आहे, सोन्याचा कस आणि वजन आहे, आणि राशी लहान-मोठ्या मापांनी मोजणं आहे. मोठ्या मापाने मोजलं तर मापं कमी भरतात, तसं. म्हणजे नुसती रीत देऊन ते थांबले नाहीत, रीत कुठे लावायची तेही सांगून ठेवलं.

अमळनेरकर

वय दुप्पट तर किंमत निम्मी? आमना बाजारमा बैलना दात देखीसनी भाव ठरस भो, त्रैराशिक करीसनी नही.

सराफ_गल्ली

सोन्याचं मात्र आजही तसंच. १२ ग्रॅमचा दागिना २२ कॅरटचा, म्हणजे २४ भागांत २२ भाग शुद्ध, त्यात शुद्ध सोनं ११ ग्रॅम. तेवढ्याच शुद्ध सोन्यातून १८ कॅरटचा दागिना घडवला तर वजन भरेल १२ गुणिले २२ भागिले १८, १४ ग्रॅम ६७० मिलिग्रॅमच्या जवळपास. कस उतरला, वजन चढलं. शुद्ध सोनं तेवढंच. जिनवाल्यांची रुई आणि आमचं सोनं एकाच गणितातलं निघालं. हॉलमार्कवरचे ९१६ आणि ७५० हेसुद्धा याच गुणोत्तरातून येतात, हजारात किती.

नंदुरबारची_मिरची

या सगळ्यात न बसणारी उदाहरणंही मुलांपुढे टाकत जा, नाहीतर 'प्रमाण' पाठाखाली आलेलं सगळं प्रमाणातच आहे असं धरून चालतात.

१. भुसावळच्या मेमधल्या उन्हात ४० पापड २ तासांत वाळतात. ८० पापड किती वेळात?
२. वडील ३६, मुलगा १२, गुणोत्तर ३:१. बारा वर्षांनी गुणोत्तर किती?
३. १०० युनिटचं वीजबिल माहीत आहे, २०० युनिटचं दुप्पट येईल का?

पहिल्याचं उत्तर २ तासच. दुसऱ्यात ४८ आणि २४, म्हणजे २:१, कारण वयं बेरजेने वाढतात. तिसऱ्यात स्थिर आकार आहे आणि वरच्या युनिटांना दर वेगळा, त्यामुळे दुप्पट नाही.

मांडे_खापरावरचे

पहिल्याचं उत्तर खाटा किती आहेत त्यावर. खाट एकच असेल तर दोन पाळ्या, म्हणजे चार तास. आणि मधे वारं सुटलं तर पापड शेजारच्यांच्या गच्चीवर.

पुण्यात_खानदेशी

भुसावळच्या उन्हाला दोन तास जरा जास्तच होतात.

आजोबा_एरंडोल

सगळं वाचलं. आमच्या वेळी चौथीपर्यंत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, आता पोरांना नावही माहीत नाही. त्याचा उपयोग नेमका इथेच. १२ मजुरांचे १५ झाले, म्हणजे सव्वापट. मग ५ दिवसांना सव्वाने भागा, सवायकीत चार सव्वा पाच, उत्तर चार. ना तिरकस, ना एकमान. मधे ६० पण आणायला नको. पटीने विचार करा असं शहाद्याच्या ताई म्हणतात, तर पटींचे पाढेच द्या की पोरांना.

जंक्शन_भुसावळ

आजोबा, दंडवत. पण १३ मजुरांचे १७ झाले की कुठली 'की' काढायची?

आजोबा_एरंडोल

मग तुमचा तिरकस गुणाकार. मी कुठे म्हणतो टाकून द्या.

गिरणाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. घरी सगळा धागा मोठ्याने वाचला, आण्णा औटकीपाशी खूश झाले आणि ती म्हणूनही दाखवली.

रविवारी पोरीला तीन प्रश्न दिले: मजुरांचाच, पंपाचा आणि पापडांचा. आधी समासात 'जा' किंवा 'क' लिही म्हटलं, जास्त की कमी. मजुरांचा एकमानाने आला, चार दिवस. पंपात अपूर्णांक तसाच ठेवून ५३३ आणि एक तृतीयांश काढलं. पापडांना मात्र चार तास लिहिले. विचारलं तर म्हणे 'जा' लिहिलंच होतं ना, पापड जास्त, वेळ जास्त. आईने नुसतं विचारलं, ऊन दोघांना वाटून मिळतं का? मग वहीत काट मारली. केळीचं कोडं अजून दाखवलेलं नाही. शिकवणीच्या सरांना एकमानाचं सांगितलं, ते म्हणाले शिष्यवृत्ती झाल्यावर बघू. घरात सध्या एकमान, परीक्षेत तिरकस, असं ठरलंय.

जाता जाता पंचराशिक कोणी सोपं करून सांगेल का? आठवीच्या सराव प्रश्नपत्रिकेत दिसलं.

तापीची_लेक

एकच करायचं, सगळं मजूर-तासांत आणायचं. उदाहरण सात राशींचं, म्हणजे सप्तराशिकाचं घेते, पंचराशिकालाही रीत हीच. समजा १२ मजूर रोज ८ तास काम करून ५ दिवसांत ६ एकर वेचतात. १६ मजूर रोज ६ तास काम करून ९ एकर किती दिवसांत वेचतील?

१२ गुणिले ८ गुणिले ५, ४८० मजूर-तास, ६ एकरांना. म्हणजे एकरी ८०. ९ एकरांना ७२०. नवी टोळी दिवसाला १६ गुणिले ६, ९६ मजूर-तास देते. ७२० भागिले ९६, साडेसात दिवस. सात राशी एकदम चार कोपऱ्यांत मांडायला गेलं तर कुठली वर आणि कुठली खाली याचा घोळ होतो, इथे तो प्रश्नच येत नाही.

निवृत्त_मास्तर

सुरेख. 'एकरी ८०' ही मधली ओळ पुन्हा आलीच.

जंक्शन_भुसावळ

मास्तर, बाणांनीही होतं. दिवसांवर प्रत्येक राशीचा परिणाम वेगवेगळा बघायचा. मजूर १२ चे १६, दिवस कमी, १२/१६ ने गुणा. तास ८ चे ६, दिवस जास्त, ८/६ ने गुणा. एकर ६ चे ९, दिवस जास्त, ९/६ ने गुणा. ५ गुणिले १२/१६ गुणिले ८/६ गुणिले ९/६. साडेसातच. आणि दर पायरीला तुमचं 'जास्त की कमी' विचारलंय, नोंद घ्यावी.

निवृत्त_मास्तर

घेतली.

अमळनेरकर

साडेसात कागदावर. मधे आठवडे बाजार येतो, त्या दिवशी वेचायला कोणी येत नाही. नऊ धरा, आणि पैसे किलोनेच द्या.